पायाळूचा पसंतीक्रम

मोनालीनं पहिली लाथ मारली ती आठव्या वर्षी, आणि तीही गावाच्या विनंतीवरून.

घाटंजीच्या दवाखान्यात ती जन्मली तेव्हा डोक्याच्या आधी पाय बाहेर आले होते. नर्सनं कपाळावरचा घाम पुसत एवढंच म्हटलं होतं, की दोघी वाचल्या, नशीब समजा. पण पायाकडून जन्मलेलं माणूस म्हणजे पायाळू, आणि पायाळूनं कमरेला डावा पाय लावला की भरलेली चमक निघून जाते, हे आपल्याकडे लेकराला बाराखडीच्या आधी कळतं. गावात तीस वर्षांपासून पायाळू नव्हता. आधीचा जो होता तो म्हातारपणी स्वतःच कमरेतून वाकून मेला, आणि त्यावरून कोणी काही शिकलं नाही.

रीत सोपी होती. चमक भरलेल्या माणसानं ओसरीवर पालथं पडायचं. मोनालीनं भिंतीला हात टेकून डाव्या पायानं तीनदा लाथ मारायची. मग त्यानं उठून, मागं न पाहता, घर गाठायचं. मागं पाहिलं तर गुण जातो. पैसे दिले तर गुण जातो. पोरीला अभ्यास आहे, उद्या या, असं म्हटलं तरी गुण जातो. पोरीचा फायदा होईल अशा प्रत्येक गोष्टीनं गुण जात होता.

तिचा बाप गोविंदा. घर बुद्धविहाराच्या मागं. गावातल्या काही घरी गोविंदाला आजही अंगणातूनच बोलावं लागे, आणि त्या घरची माणसं याच्या घरचं पाणी पीत नसत. पण कमरेत चमक भरली की तीच माणसं त्याच्या ओसरीवर पालथी पडत. पाणी चालत नव्हतं, पाय चालत होता. त्यांच्यात पहिल्या नंबरला बबनराव. गावातले मोठे शेतकरी, शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, आणि त्यांच्याच शाळेत गोविंदा चौदा वर्षांपासून कच्चा शिपाई. 'पुढच्या वर्षी पक्का करतो' हे वाक्य त्यानं चौदा वेळा ऐकलेलं. बबनरावांची कंबर महिन्यातून दोनदा धरायची. दिवेलागणीला ते विहाराला वळसा घालून मागच्या बाजूनं यायचे, पालथे पडायचे, आणि जाताना मागं न पाहण्याचा नियम फार मनापासून पाळायचे.

मोनालीची आई सत्यशीला गावची आशाताई. घरोघरी जाऊन बाळंतपण दवाखान्यातच करा, ताप आला तर अंगारा लावू नका, असं दिवसभर सांगायची आणि घरी आली की स्वतःच्याच ओसरीवर माणूस पालथा पडलेला. ती दात दाबून आत निघून जायची. गोविंदाची नोकरी कच्ची होती आणि पालथा पडलेला माणूस नोकरी देणारा होता.

मोनालीचा स्वतःवर विश्वास होता तो नववीपर्यंत. नववीत असताना तांड्यावरची सुखीबाई आली. कापूस वेचून वेचून कंबर गेलेली, आणि उजव्या पायाचा अंगठा बधिर झालाय असं ती दोनदा बोलली. मोनालीनं तीन लाथा मारल्या. आठ दिवसांनी सुखीबाईला यवतमाळला न्यावं लागलं. तिथं तिला लाथेनंच बिघडलं असं कोणी म्हटलं नाही, पण तेव्हापासून सुखीबाई उजवं पाऊल घासत चालते. गावानं निकाल दिला, की बाईची श्रद्धा कमी पडली. सुखीबाईनंही तो मान्य केला. मान्य केला नाही एकट्या मोनालीनं. तिला कळलं ते एवढंच, की माणसाच्या पाठीत काय असतं हे आपल्याला माहीत नाही, आणि माहीत नसताना आपण त्यावर पाय देतो.

म्हणून बारावी झाली, नीटचे गुण आले, ते डॉक्टरकीला पुरणार नाहीत हे दिसलं, तेव्हा तिनं डोळ्यातून पाणी काढलं नाही. मला फिजिओथेरपीच करायची आहे, म्हणाली.

आता गावानं सल्ला द्यायला सुरुवात केली. कोणी म्हणालं, ते म्हणजे मालिश. कोणी म्हणालं, क्रिकेटमध्ये खेळाडू पडला की पिशवी घेऊन पळतो तो. पण पोरीला कोण पळू देईल? चावडीवर दोन दिवस वाद चालला तो नावापुढं डॉक्टर लागतं की नाही यावर. पेपरात एकदा लावू नका असं आलं होतं, लगेच ते मागं घेतल्याचं आलं, आणि दोन्ही कात्रणं दोन्ही पक्षांच्या खिशात होती. नोकरी कुठं लागेल, हे कोणी विचारलं नाही. पण सगळ्यात वजनदार आक्षेप पानठेल्यावर निघाला: जे काम पोरगी आज फुकटात एका पायानं करते, ते दोन हातांनी करायला पाच वर्षं कायले शिकायची?

मोनालीनं मात्र नीट विचार केला होता. ज्या मुलींनी ही पदवी घेतली त्यांना फोन करून तिनं एका जुन्या वहीत लिहून काढलं होतं: सुरुवातीचा पगार थोडा, सरकारी जागा बोटावर मोजण्याइतक्या, घरोघरी जाऊन उपचार केले तर चालतं, मास्टर्स केलं तर बरं. एकीनं सांगितलेलं वाक्य तिनं दोनदा अधोरेखित केलं होतं. कॉलेज निवडताना इमारत पाहू नको, रुग्ण मोज. नागपूरच्या सरकारी कॉलेजाला लागून मोठं रुग्णालय होतं आणि मुलींना सरकारी वसतिगृह होतं. तिच्या गुणांत तिथं लागण्याची शक्यता होती. पसंतीक्रमाच्या ऑनलाइन फॉर्मवर पहिली ओळ नागपूरची, हे तिचं ठरलेलं होतं.

आणि तेवढ्यात बबनरावांचं कॉलेज निघालं.

यवतमाळ रोडवर त्यांचं एक मंगल कार्यालय होतं. लोकांनी शेतात मांडव टाकून लग्नं करायला सुरुवात केल्यापासून ते रिकामं पडलं होतं. त्याला रंग दिला आणि फिजिओथेरपी महाविद्यालयाची पाटी लावली. पाटी मोठी, जागा साठ, आणि मुलं कुठून आणायची हा प्रश्न त्याहून मोठा. मोनालीसारख्या मुलीची फी सरकारकडून येते, मुलगी घरून डबा आणते आणि एक जागा भरते, हा हिशोब बबनरावांचा पुतण्या पियुष याचा. बबनरावांचा स्वतःचा हिशोब वेगळा होता. पोरगी नागपूरला गेली तर कंबर धरल्यावर जायचं कोणाकडे? फिजिओथेरपी कॉलेजचा अध्यक्ष असं उघड बोलू शकत नाही. पण पियुष गोविंदाला शाळेच्या गेटवर गाठून बोलला.

"गोविंदाभाऊ, काकांची इच्छा आहे, मोनानं आपलंच कॉलेज एक नंबरला टाकावं. आणि एक ऐकलं का? शिपायाची एक जागा यंदा पक्की होऊन राह्यली. एक कमी पण होऊन राह्यली."

दोन जागा आणि शिपाई एकच, हे गोविंदाला कळायला वेळ लागला नाही. घरी येऊन त्यानं ते जेवताना सांगितलं. सत्यशीला म्हणाली, आधी कॉलेज तर पाहू. गोविंदा ताटात पाहत म्हणाला, पाहा, रविवारी पालकांना बोलावलंच आहे. मले मात्र त्या दिवशी ड्यूटी आहे. कसली ड्यूटी, हे त्यानं सांगितलं नाही.

रविवारी मायलेकी एसटीनं गेल्या. वीसेक पालक आपापली मुलं घेऊन आले होते. पियुष पुढं चालून दाखवत होता. ज्या खोलीत विजेची उपकरणं होती तिच्या दारावर 'वरपक्ष' ही अक्षरं नव्या रंगाखालून स्पष्ट दिसत होती. उपकरणांवरचं प्लास्टिक निघालेलं नव्हतं. प्लास्टिक काढलं की धूळ बसते, असं पियुषनं समजावलं. एका कोपऱ्यात हाडांचा सापळा उभा होता आणि त्याच्या गळ्यात उद्घाटनाचा हार सुकला होता. शिकवायला एकच बाई दिसत होती, निशिगंधा मॅडम. तिशीच्या आतल्या, चेहऱ्यावर कंटाळा आणि शिस्त दोन्ही. मोनालीनं त्यांना गाठून विचारलं, की रोज रुग्ण किती येतात.

"आज बारा आहेत," मॅडम म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आज."

रुग्ण जेवणाच्या हॉलमध्ये होते. बारा खाटा, बारा माणसं, प्रत्येकाच्या उशाशी आजाराची चिठ्ठी. मोनाली ओळीनं वाचत गेली. पहिल्या खाटेवर 'गुडघ्याची झीज': तो शाळेच्या पोषण आहाराचा स्वयंपाकी. दुसऱ्यावर 'मानेचा आजार': तो संस्थेच्या बसचा ड्रायव्हर, मोबाईलवर काहीतरी पाहत मान छान इकडंतिकडं हलवत होता. तिसऱ्या खाटेवर 'अर्धांगवायू, उजवी बाजू.' चादर नाकापर्यंत ओढलेली. वरून दोन डोळे. ते डोळे मोनाली अठरा वर्षांपासून ओळखत होती.

ती थांबली. गोविंदानं डोळे मिटून घेतले. एवढंच त्याच्या हातात होतं.

सत्यशीलेनं नवऱ्याकडे पाहिलं, चिठ्ठी वाचली, आणि आशाताईच्या कोरड्या आवाजात विचारलं, "कधीपासून आहे हो यांना?"

"झाले पंधरा दिवस," पियुष म्हणाला. "आणलं तेव्हा बोट हलत नव्हतं. आता खूप फरक आहे."

तेवढ्यात बबनराव भाषणाला उभे राहिले. हॉलच्या टोकाला लग्नाचंच स्टेज होतं. गावखेड्यातल्या मुलांनी पुण्या-नागपूरला जाऊन खोल्यांची भाडी कशाला भरावी, असं त्यांनी विचारलं. फिजिओथेरपीला जगभर मागणी आहे, म्हणाले. अंधश्रद्धा सोडा, विज्ञान धरा, म्हणाले. आणि विज्ञान धरा म्हणताना समोरच्या टीपॉयवरची पाण्याची बाटली घ्यायला वाकले, ते वाकलेलेच राहिले.

हॉलमध्ये दोन क्षण कोणाला काही कळलं नाही. काहींना वाटलं, साहेब नमस्कार करून राह्यले, म्हणून टाळ्या पडल्या. मग बबनरावांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून तिसऱ्या खाटेवरची चादर उडाली. चौदा वर्षांची सवय. साहेबांचा आवाज आला की गोविंदा धावतो. उजवी बाजू गेलेला माणूस उजव्या पायानं स्टेजवर चढला, उजव्या हातानं अध्यक्षांना धरलं आणि त्यांना टेकवत टेकवत सतरंजीवर निजवलं. मागं एक म्हातारे पालक शेजारच्याला सांगत होते, की बाकी काही असो, कॉलेजचा गुण मोठा आहे.

निशिगंधा मॅडम धावत स्टेजवर गेल्या. पाच वर्षं पदवीला, दोन वर्षं पुढच्या पदवीला दिलेली बाई. त्यांनी हात लावायच्या आत बबनराव ओरडले, "हात नोको लावू! मॅडमले बाजूले करा. गोविंदा, तुही पोरगी आली न? पाठव तिले. पालथा कर मले."

हे वाक्य त्यांच्या कोटाला लावलेल्या माइकमधून गेलं. वीस पालकांनी, बारा रुग्णांनी आणि बाहेर पाणीपुरी विकणाऱ्यानंही ते ऐकलं.

मोनाली स्टेजच्या पायऱ्या चढली. बबनराव स्वतःच्या कॉलेजात, स्वतःच्या बॅनरखाली पालथे पडलेले. एका बाजूला बाप, ज्याच्या हनुवटीला अजून चादरीचा धागा चिकटलेला. दुसऱ्या बाजूला निशिगंधा मॅडम, दोन्ही हात मागं घेऊन उभ्या. मोनालीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि वहीतली सगळी पानं तिला एकदम आठवली. पगार, जागा, मास्टर्स. ज्याचं कॉलेज आहे तोच कंबर धरल्यावर लाथ मागतो, त्या मुलखात ही पदवी घेऊन आपण काय करणार? हा प्रश्न तिनं कोणालाच विचारला नव्हता, आणि आता उत्तराला कोणी थांबलं नव्हतं. सगळे तिच्या डाव्या पायाकडे पाहत होते. गोविंदा हळूच म्हणाला, "मोना, लाव माय एकदा."

ती खाली बसली.

"काकाजी, पायाले मुंग्या येते का?"

"लाथ मार न पोरी, पुसतं काय?"

"बोटं बधिर झाल्यासारखी वाटते का?"

 सतरंजीत तोंड असल्यानं बबनरावांचा आवाज बारीक आला. "डावा पाय. चार दिवसापासून."

मोनाली उठली आणि बाजूला सरकली. "मले यातलं काही समजत नाही, काकाजी. कधीच समजत नव्हतं. मॅडमले समजते. त्यांले पाहू द्या."

मॅडमनी त्यांना कुशीवर वळवलं, पाय तपासले, माइक काढून ठेवला आणि यवतमाळला गाडी नेण्यास सांगितलं. तिथं तपासण्या झाल्या. तीन आठवडे घरीच सक्तीची विश्रांती आणि सोबत रोज थोडा व्यायाम, असं ठरलं. गावात मात्र निकाल वेगळा लागला: पोरीनं कॉलेजचे फॉर्म भरायला सुरुवात केली आणि तिच्या पायातला गुण गेला. दुसऱ्या दिवसापासून ओसरी रिकामी. सत्यशीलेनं ती पहिल्यांदा मनासारखी सारवली.

पण फॉर्मची शेवटची तारीख गुरुवार होती, आणि गोविंदाची जागा पक्की होणार की कमी, हे अजून ठरायचं होतं. गुरुवारी दुपारी पियुषचा फोन आला: काकांनी बाप-लेकीला घरी बोलावलंय, फॉर्म तिथंच भरू. गोविंदानं धुतलेला सदरा घातला. वाटेत मोनालीनं विचारलं, बाबा, काय करू? गोविंदा म्हणाला, चाल. 

बबनरावांच्या घरी पहिल्यांदाच त्यांना अंगणात थांबवलं नाही, कारण ज्याला बोलायचं होतं तो अंगणात येऊ शकत नव्हता. आतल्या खोलीत लाकडी तखतावर बबनराव उताणे. निशिगंधा मॅडम त्यांच्याकडून व्यायाम करून घेत होत्या: गुडघे वाकवायचे, कंबर वर उचलायची, धरून ठेवायची. बाजूच्या टेबलाशी बबनरावांची नात दीपमाला लॅपटॉप उघडून बसली होती. तीही यंदाच नीट दिलेली, आणि तिचाही फॉर्म बाकी.

बबनराव छताकडे पाहत बोलले. झालं ते झालं, म्हणाले. त्या दिवशीचं बाहेर कोणी काढू नये. पोरगी हुशार आहे, आपल्याच कॉलेजात शिकावी, बापाची नोकरी पक्की व्हावी, घरादाराचं चांगलं व्हावं. "एक नंबरले आपलं नाव टाक, पोरी. पियुष, दाखव तिले."

मोनालीनं बापाकडे पाहिलं. गोविंदा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा होता. बोलायला लागला तेव्हा आवाज इतका साधा होता, की जणू शाळेत खडू संपल्याचं सांगतो आहे.

"साहेब, मी तुमच्या कॉलेजचा पेशंट आहो. चिठ्ठीवर पंधरा दिवसाचा, खरा एका रविवारचा. सकाळी दहाले निजलो, तुमचा आवाज आला तवा उठलो. माह्या पायाले कोणी हात लावून पाह्यला नाही. एक पोरगं माह्यावर शिकलं नाही. बाकीचे अकरा बी तसेच. पोरीनं तिथं कोणापाशी शिकायचं?"

 पियुषनं मोबाईल काढून उगाच पाहिला. बबनराव बोलायला तोंड उघडणार, तोच मॅडम म्हणाल्या, "कंबर वर. श्वास सोडा. बोलायचं नाही, काका, बोललं की पाठ ढिली पडते."

कंबर वर गेली. बबनरावांचं बोलणं आत राहिलं.

दीपमालाचं या सगळ्यात लक्षच नव्हतं. तिनं स्क्रीन वळवली. "मोनाली, तुझं झालं का गं? माझं एक नंबरला नागपूर टाकलंय, दोनला पुणे. पण हे लॉक होत नाही. तुला येतं?"

"आपलं कितव्या नंबरले टाकलं, बेटा?" पियुषनं विचारलं.

"आपलं?" दीपमाला हसली. "आपलं कशाला?"

तखतावरून एक हुंकार आला. मॅडम म्हणाल्या, "धरून ठेवा."

मोनाली टेबलाशी गेली. दीपमालाच्या फॉर्ममध्ये एक खूण करायची राहिली होती, ती तिनं करून दिली. मग स्वतःचा फॉर्म उघडला. एक नंबरला नागपूर, दोन नंबरला मुंबई, तीन नंबरला अमरावतीकडचं एक. चौथी ओळ रिकामी ठेवली. लॉक करण्याच्या खुणेवर बोट नेलं तर स्क्रीननं सांगितलं, की नोंदवलेल्या मोबाईलवर आलेला क्रमांक टाका.

नोंदवलेला मोबाईल गोविंदाचा होता. त्याच्या खिशात टिंग वाजली. पियुष म्हणाला, गोविंदाभाऊ, इचार करा बरं, एकदा लॉक झालं की झालं.  चष्मा घरी राहिला होता, म्हणून गोविंदानं मोबाईल हातभर लांब धरला, डोळे बारीक केले, आणि शाळेच्या मैदानावर आवाज पोचवायची सवय असलेल्या गळ्यानं सहाही आकडे एकेक करून वाचले. मग चूक व्हायला नको म्हणून पुन्हा एकदा वाचले, आणखी मोठ्यानं.

बबनरावांची कंबर अजून वरच होती. खाली आणा असं मॅडमनी सांगितलं नव्हतं.